१९७० ची शेव्हेल आणि ८०० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन: सल्ला हवा

शेव्हेलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे शेव्हर्ले कंपनीची १९७० ची शेव्हेल मालिबू आहे. दोन दारांची, मूळ ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घनइंचांचं, लहान बांध्याचं व्ही८ इंजिन), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुक्काम ओहायो. पत्रा आणि चासी चांगली आहे, पण इंजिन थकलंय. ऑइल खातं, चढावर निळा धूर सोडतं. एवीतेवी इंजिन उतरवायचंच आहे, तर या हिवाळ्यात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) लावून नीट बांधावं असं मनात आहे. लक्ष्य क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) ८०० हॉर्सपॉवर. गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, ट्रॅफिकमध्ये तापता कामा नये आणि उन्हाळ्यात अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) न्यायची आहे.

८०० हा आकडा मोठा आहे याची कल्पना आहे. १९७० च्या शेव्हेलमधलं सगळ्यात दांडगं इंजिन म्हणजे ४५४ एलएस६, त्याला कंपनी ४५० हॉर्सपॉवर सांगायची. तेही जुन्या 'ग्रॉस' पद्धतीने, म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही. १९७२ पासून 'नेट' आकडे द्यायला लागले तेव्हा शेव्हेलचं ४५४ एलएस५ कागदावर ३६५ वरून २७० वर आलं. त्यात थोडाफार वाटा इतर बदलांचा असेल, पण बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीचाच. म्हणजे त्या काळचे ४५० नेट पद्धतीने मोजले तर बरेच कमी भरतील, आणि मला हवेत ते ८०० त्यांच्या दुपटीच्या पुढे जातात.

मसल कारला (मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाडीला) टर्बो शोभत नाही असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जनरल मोटर्सने १९६२ मध्येच ओल्ड्समोबिल जेटफायर आणि कॉर्व्हेअर स्पायडर अशा दोन टर्बो गाड्या विकायला काढल्या होत्या. जेटफायरचं २१५ घनइंची अ‍ॅल्युमिनियमचं व्ही८ तेव्हा २१५ हॉर्सपॉवर द्यायचं. आणि १९८७ च्या ब्यूक जीएनएक्सने तर सहा सिलिंडरांवर भल्याभल्या व्ही८ गाड्यांना मागे टाकलं. तेव्हा ही परंपरा अमेरिकन गाड्यांच्या घरातलीच आहे.

आता प्रश्न. मूळ ३५० वरच बांधावं की दुसरं इंजिन शोधावं? टर्बो एक की दोन? आणि पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल पुरेल का?

मायक्रोमीटर

मी मशिन शॉपमध्ये काम करतो, इंजिन ब्लॉक रोज हाताखालून जातात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमचं ३५० मूळ गाडीसोबत आलेलं असेल तर त्याला हात लावू नका. स्मॉल ब्लॉकला पॅसेंजर बाजूच्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) अगदी पुढे, डेकवरच (हेड बसतं त्या ब्लॉकच्या सपाट माथ्यावर) एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिनचा कोड आणि गाडीच्या व्हीआयएनमधले (ओळख क्रमांकातले) आकडे ठोकलेले असतात. टर्बोसाठी हेड गॅस्केट नीट बसावी म्हणून डेक सपाट करून घ्यावी लागते आणि कटर फिरवताना त्या आकड्यांवरूनही जातो. एकदा फिरला की गाडी आणि इंजिन मूळ जोडी आहेत याचा पुरावा कायमचा गेला. आकड्यांचे फोटो काढा, इंजिनमध्ये ऑइल शिंपडून ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. उद्या गाडी विकायची म्हटलीत किंवा मूळ रूपात आणायची म्हटलीत तर हेच इंजिन कामाला येईल.

ताकदीच्या बाजूनेही तेच सांगेन. जुन्या ३५० च्या ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगच्या कॅप्स बहुतेक दोन बोल्टांच्या असतात, क्रँक ओतीव लोखंडाचा, आणि मेन बेअरिंगभोवतीचा भाग ५०० च्या पुढे तडकायला लागतो. कधी तडकेल याची तारीख कोणी देत नाही. ८०० साठी ३५० च हवं असेल तर नवा आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचा) ब्लॉक घ्या, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक, फोर्ज्ड रॉड, फोर्ज्ड पिस्टन. तसंही छान इंजिन होतं. पण खर्च मोठा आणि मूळपणा तसाही राहत नाही.

माझी शिफारस: २००० सालच्या आसपासच्या शेव्हर्ले आणि जीएमसी ट्रकमधलं ६ लिटरचं ओतीव लोखंडी इंजिन, एलक्यू४ किंवा एलक्यू९. बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.६२ इंच, म्हणजे ३६४ घनइंच. ब्लॉकच्या भिंती क्रँकच्या मध्यरेषेच्या खाली उतरतात आणि प्रत्येक मेन कॅपला चार बोल्ट वरून नि दोन आडवे, असे सहा. खालचा भाग हलत नाही. टर्बोला नेमकं हेच हवं. एलक्यू४ चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.४, एलक्यू९ चं १०.१. टर्बोसाठी एलक्यू४ बरं.

या इंजिनाची दुखरी जागा हेडची आहे. जुन्या स्मॉल ब्लॉकला प्रत्येक सिलिंडरभोवती पाच मोठे बोल्ट असतात, याला चारच. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवला की हेड किंचित उचललं जातं आणि गॅस्केटमधून दाब कूलंटमध्ये जातो. म्हणून मूळ बोल्ट, जे एकदाच वापरायचे असतात, ते काढून स्टड लावा आणि अनेक थरांची स्टीलची गॅस्केट वापरा. इथे काटकसर नको.

बिगब्लॉक४५४

मायक्रोमीटरसाहेबांच्या सल्ल्याबद्दल आदर आहे, पण मला वेगळं वाटतं. शेव्हेलचं बॉनेट उघडलं आणि आत पिकअप ट्रकचं इंजिन दिसलं तर मन खट्टू होतं. ही गाडी बिग ब्लॉकसाठीच ओळखली जाते. ४५४ शोधा, बोअर ४.२५, स्ट्रोक ४ इंच. चार बोल्टांच्या मेन कॅपवालं मिळालं तर उत्तम. साडेआठ कॉम्प्रेशन, बरे हेड, मवाळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एवढ्यावर ते विनासायास ४८० देईल. मग साडेनऊ-दहा पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) बूस्टमध्ये ८०० जवळ येतात. इंजिन मोठं, म्हणून दाब कमी पुरतो. त्याला ताण येत नाही आणि टर्बो फिरायच्या आधीही गाडी मरगळलेली वाटत नाही.

टर्बो नकोच असेल तरी ५४० घनइंचावर बिनबूस्ट ८०० काढणारे लोक आहेत, पण मग कॅम इतका जहाल लागतो की सिग्नलला गाडी उभी राहायला तयार नसते. ते तुमच्या वापराचं नाही, हे मान्य.

अनघा

मी इंजिन ट्यूनिंग करते, त्यामुळे माझा विचार बूस्ट आणि उष्णतेपासून सुरू होतो. बिगब्लॉक४५४ यांचा हिशेब बरोबर आहे. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय. इंजिन बिनबूस्ट जितकं देतं त्याला (१ + बूस्ट भागिले १४.७) ने गुणलं की ढोबळ अंदाज येतो. ४८० ला ९.५ पीएसआय दिलं की सुमारे ७९०. चांगला कॅम आणि हेड असलेलं ६ लिटर ४३० देत असेल तर कागदावर १२.६ पीएसआय पुरतं, प्रत्यक्षात १४-१५ लागेल, कारण हवा तापते आणि टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टमधलं चाक) सायलेन्सरकडे जाणारी वाट अडवतं.

हवा तापण्याचाच हिशेब बघा, कारण पुढचे सगळे निर्णय इथे आहेत. बाहेर २७ अंश सेल्सिअस. बूस्ट १४.७, म्हणजे हवेचा दाब दुप्पट. कॉम्प्रेसर (टर्बोचं हवा दाबणारं चाक) ७२ टक्के कार्यक्षम धरला तर त्यातून बाहेर पडणारी हवा ११७ अंशांना असते. पाणी उकळायच्या वर! इंटरकूलरने (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीने) त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली तर ५४ अंश. ११७ ऐवजी ५४ अंशांची हवा त्याच दाबाला जवळपास १९ टक्के जास्त दाट असते. म्हणजे बूस्ट न वाढवता तेवढा ऑक्सिजन जास्त मिळाला, आणि नॉकिंगचा धोका उतरला तो वेगळाच.

नॉकिंग म्हणजे काय, हे नवीन वाचकांसाठी. स्पार्कने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. दाब एका झटक्यात चढतो. बिनबूस्ट इंजिनात टकटक ऐकू आली की पाय काढायला वेळ मिळतो. १५ पीएसआयवर मिळत नाही, पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटूनच आवाज येतो. त्यामुळे पंपावरच्या ९३ वर मी १४ पीएसआयला स्पार्क टायमिंग (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, क्रँकच्या अंशांत) १४-१६ अंशांपासून सुरू करते. बिनबूस्ट हेच इंजिन २६-२८ अंशांवर खूश असतं. मिश्रण लँब्डा ०.८०, म्हणजे वजनाने साधारण ११.८ भाग हवेला एक भाग पेट्रोल.

आता इंधन. तुमच्याकडे ई८५ (भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळत असेल तर माझा कल तिकडे. इथेनॉल बाष्प होताना खूप उष्णता शोषतं, हवा सिलिंडरच्या तोंडाशीच गार होते आणि नॉकिंग फार मागे सरकतं. पण ते पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लागतं. हिशेब सांगते. टर्बो इंजिनाला पेट्रोल ताशी प्रति हॉर्सपॉवर ०.६ पाउंड धरा. ८०० ला ४८० पाउंड, आठ इंजेक्टरांत वाटले तर ६०, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडे ठेवायचे नाहीत म्हणून ७५ पाउंडांचे. ई८५ साठी हाच आकडा १०५ च्या पुढे जातो, म्हणून १२० च्या आसपासचे घ्या. आणि पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ऋतूनुसार ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, तेव्हा फ्लेक्स फ्युएल सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) आणि तो वाचणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) हवाच. उन्हाळ्यात केलेलं ट्यूनिंग ओहायोच्या हिवाळ्यातल्या ई८५ वर तसंच चालवणं धोक्याचं.

नवशिकी

फार छान धागा, वाचनखूण साठवली. दोन शंका. कार्ब्युरेटर ठेवून टर्बो लावता येतो का? जुन्या गाडीला तो शोभून दिसतो. आणि वेस्टगेट व ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह यांत नेमका फरक काय?

अनघा

@नवशिकी, दुसऱ्याचं आधी. वेस्टगेट एक्झॉस्टच्या बाजूला असतो. बूस्ट ठरलेल्या आकड्याला पोचला की तो उघडतो आणि एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून जातो, म्हणून टर्बो आणखी वेग घेत नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवेच्या बाजूला. तुम्ही झटकन पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, दाबलेली हवा अडकते आणि उलटी कॉम्प्रेसरवर आदळते. ती बाहेर सोडायचं काम त्याचं.

कार्ब्युरेटर चालतो. जेटफायरमध्येही होता, टर्बोच्या आधी बसवलेला. तिथे इंटरकूलर नव्हता आणि कॉम्प्रेशन १०.२५, म्हणून नॉकिंग थोपवायला मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण इंजिनात फवारायचे. 'टर्बो रॉकेट फ्लुइड' नावाने त्याची बाटली मिळायची. मालक ती भरायला विसरायचे, मग यंत्रणा बूस्ट रोखून धरायची आणि गाडी मंद वाटायची. पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो डीलरकडेच उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. आज कार्ब्युरेटरमध्ये दाबलेली हवा ढकलणारी मांडणीही मिळते आणि ५००-६०० पर्यंत छान चालते. पण प्रत्येक सिलिंडरला किती इंधन जातंय, हवा किती गरम आहे, इथेनॉल किती आहे, यावर मिनिटामिनिटाला बदल करणं त्याला शक्य नाही. ८०० ला मी इंजेक्शनच घेईन.

उंचावर

मी कोलोराडोत असतो, डेन्व्हरजवळ. उंचीबद्दल भर घालतो. इथे हवेचा दाब १२ पीएसआयच्या आसपास. गेजवर १४.७ बूस्ट दिसायला कॉम्प्रेसरला हवा २.२ पट दाबावी लागते, समुद्रसपाटीला तीच दुप्पट. हवा जास्त तापते, टर्बो जास्त वेगाने फिरतो. ओहायोत हा प्रश्न नाही, पण कधी डोंगराळ भागात गाडी आणायचा विचार असेल तर टर्बो निवडताना कॉम्प्रेसर मॅपवर (टर्बो किती दाबाला किती हवा देतो त्या आलेखावर) उजवीकडे आणि वर थोडी जागा ठेवा. बिनबूस्ट गाड्या इथे सहावा हिस्सा ताकद गमावतात, टर्बोवाला बूस्ट वाढवून ती परत मिळवतो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

शेव्हेलवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. बिगब्लॉक४५४ यांचं म्हणणं मनाला भिडलं, ४५४ चं आकर्षण मलाही आहे. पण मोजमाप करून बघितलं. बिग ब्लॉकच्या हेडांची रुंदी बघता टर्बोच्या पाइपांना जागा फार कमी उरते, विशेषतः स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूला. वजनही पुढच्या चाकांवर जास्त. म्हणून लोखंडी ६ लिटर पक्कं केलं. मूळ ३५० मायक्रोमीटर यांनी सांगितलं तसं गुंडाळून ठेवणार, आकड्यांचे फोटो काढले आहेत. इंधन ई८५, जवळच्या पंपावर मिळतं. फ्लेक्स सेन्सरसह.

आता पिस्टन आणि रिंगांबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? या विषयावर जो तो वेगळं बोलतो.

मायक्रोमीटर

सांगतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मूळ पिस्टन ओतीव असतात. कडक, पण ठिसूळ. चांगल्या ट्यूनिंगखाली मूळ पिस्टनांवर ६००-७०० काढणारे लोक आहेत, मात्र नॉकिंग झालं की त्यांना दुसरी संधी नसते. ८०० ला फोर्ज्ड घ्या. त्यात दोन मिश्रधातू प्रचलित आहेत, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन भरपूर, त्यामुळे तो तापून कमी फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येतो, थंड इंजिन आवाज करत नाही. २६१८ जास्त फुगतो, म्हणून भिंतीशी मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड असताना पिस्टन थोडे खडखडतात. पण तो मार खाऊनही तुटत नाही, वाकतो. तुमच्या कामाला २६१८. रस्त्यावरच्या गाडीत सुरुवातीची खडखड ऐकून घाबरू नका, तापल्यावर जाते.

बोअर होन करताना (आतून घासून मापात आणताना) डेकवर टॉर्क प्लेट (हेडसारखा ताण देणारी जाड प्लेट) बांधून घ्या. हेडचे स्टड आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. प्लेट न बांधता गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेट बांधायला, आवळायला, काढायला वेळ जातो, म्हणून काही ठिकाणी ही पायरी गाळतात. तुम्ही आग्रह धरा आणि तुमचेच स्टड, तुमचीच गॅस्केट त्यांना द्या.

आता रिंगा. रिंग म्हणजे एका जागी तोंड उघडं असलेलं कडं. इंजिन तापलं की ती लांबीने वाढते आणि तोंड मिटत जातं. बूस्टमध्ये वरच्या रिंगला प्रचंड उष्णता लागते. तोंड पूर्ण मिटलं आणि दोन्ही टोकं एकमेकांवर टेकली, तर वाढायला जागा नसते. रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनच्या वरच्या कडेचा तुकडा उपटते. आमच्याकडे असे पिस्टन येतात. वरची कडा चावा घेतल्यासारखी तुटलेली, आणि रिंगची टोकं बघितली तर आरशासारखी चकचकीत. ती चकाकी दिसली की समजायचं, टोकं भिडली होती.

म्हणून तोंड जास्त ठेवायचं. या ताकदीला वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचामागे साडेसहा ते सात थाऊ. तुमचा बोअर ४ इंच, म्हणजे २६ ते २८ थाऊ, ०.०२६ ते ०.०२८ इंच. दुसऱ्या रिंगला त्याहून एखाद-दोन थाऊ जास्त, म्हणजे दोन रिंगांमध्ये अडकलेला दाब खाली निसटतो आणि वरची रिंग बसल्या जागी राहते. रिंग कंपनीचा कागद आधी वाचा, तो अंतिम.

करायचं कसं? रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सरकवायची म्हणजे ती सरळ बसते. तिरकी बसली तर मोजमाप खोटं. मग फीलर गेज. पान घासत, थोडा अटकाव देत सरकलं पाहिजे. कमी असेल तर रिंग बाहेर काढून फायलरवर (रिंग घासायच्या यंत्रावर) एकच टोक घासायचं, दोन्ही नाही. दुसरं टोक तसंच राहिलं की दोन्ही टोकं समांतर आहेत का हे त्याच्याशी लावून बघता येतं. चाक बाहेरच्या कडेकडून आत फिरलं पाहिजे. उलटं फिरलं तर बाहेरच्या पृष्ठभागावरचं मॉलिब्डेनमचं कवच उडतं. शेवटी टोकाला आलेला बारीक पत्रा तेलदगडाने हलक्या हाताने काढायचा. नखाने चाचपून बघा, नख अडकलं तर अजून बाकी आहे. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरला मापली त्याच सिलिंडरला घालायची, म्हणून सिलिंडरचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटांत ठेवत जा. वेळ लागतो. लागू द्या.

बिगब्लॉक४५४

६ लिटरचा निर्णय झाला तर झाला, मदतीला आहेच. इंजिनाखेरीजच्या गोष्टींकडे लक्ष वेधतो. साध्या मालिबूला मागचा अ‍ॅक्सल बहुतेक १० बोल्टांचा असतो. चिकट टायरवर ८०० त्याला झेपणार नाहीत. १२ बोल्टांचा मजबूत केलेला किंवा फोर्डचा ९ इंची घ्या. गिअरबॉक्स टीएच४०० किंवा ४एल८०ई. दुसऱ्यात ओव्हरड्राइव्ह आहे, हायवेवर फिरायला तोच सोयीचा. आणि ब्रेक! त्या काळी चारही चाकांना ड्रम हे मूळ उपकरण होतं, पुढचे डिस्क जादा पैसे देऊन मिळायचे. तुमच्याकडे पुढे ड्रम असतील तर इंजिनाच्या आधी ते बदला.

स्ट्रिपबद्दल: चालकासह ३,९०० पाउंड वजन आणि चाकांना ६८० च्या आसपास ताकद पोचली तर गाडी क्वार्टर माइल साडेदहा सेकंदांच्या घरात जाईल. एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या) नियमांत अशा जुन्या गाड्यांना ११.४९ सेकंद आणि त्याहून कमी वेळेला रोल बार लागतो, ९.९९ ला पूर्ण केज आणि चालकाला परवाना. रोल बारचं काम आताच पत्र्याच्या कामात धरा.

शेव्हेलवाला (धागाकर्ता)

पुढे डिस्क आधीच बसवले आहेत, अ‍ॅक्सल १० बोल्टांचाच निघाला. ९ इंची शोधतोय.

टर्बो एकच ठरवला. ८०० हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ८० पाउंड हवा लागते, म्हणून ७५-७६ मिलिमीटर गटातला, टी६ फ्लँजचा बघतोय. दोन टर्बोंचे पाइप, दोन वेस्टगेट, दोन ऑइल लाइनी हे सगळं त्या जागेत बसवताना उष्णतेला वाव राहणार नाही असं वाटलं. दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड पुढे तोंड करून, ड्रायव्हर बाजूचा पाइप ऑइल पॅनच्या पुढून पॅसेंजर बाजूला, टर्बो तिथे बॅटरीच्या जागी. बॅटरी डिकीत.

अनघा

एक टर्बो ठीक आहे. वेस्टगेट कुठे जोडता त्याकडे लक्ष द्या. दोन्ही बाजूंचा एक्झॉस्ट एकत्र आल्यानंतर, आणि वाहत्या दिशेने सरळ फुटणाऱ्या फाट्यावर. काटकोनात जोडलेला वेस्टगेट पूर्ण उघडला तरी एक्झॉस्ट त्यात वळत नाही आणि बूस्ट आपोआप वर सरकत राहतो. ७ पीएसआयची स्प्रिंग घाला. म्हणजे बूस्ट कंट्रोलर बंद पडला तरी इंजिन ७ वर येऊन थांबेल. माझं पहिलं ट्यूनिंग नेहमी नुसत्या स्प्रिंगवर असतं.

मॅनिफोल्डवर एक्झॉस्टचा दाब मोजायला एक छोटी नळी काढून ठेवा. बूस्ट १५ असताना तिथे २२-२३ पीएसआय दिसले तर छान. ३० च्या वर गेले तर टर्बाइन हाउसिंग लहान पडतंय, मग कितीही बूस्ट वाढवा, इंजिन स्वतःचाच धूर परत ओढत राहतं. कॅम निवडताना म्हणूनच ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) कमी, लोब सेपरेशन (कॅमच्या दोन उंचवट्यांमधला कोन) ११३-११५ अंशांच्या आसपास ठेवा.

इंधन टाकीचं काय करताय? मूळ टाकीत आडपडदे नाहीत. जोरात गाडी सुटली की इंधन मागे धावतं, पंप क्षणभर हवा ओढतो, आणि तो क्षण नेमका पूर्ण बूस्टचा असतो. आत पंप आणि बॅफल असलेली नवी टाकी घ्या, इथेनॉलला चालणारे पाइप. रेग्युलेटरला बूस्टची नळी जोडलेली हवी, म्हणजे बूस्ट १ पीएसआय वाढला की इंधनाचा दाबही १ वाढतो. इंजेक्टरला दोन्ही बाजूंमधला फरक सारखाच मिळाला पाहिजे.

मायक्रोमीटर

स्पार्क प्लगही एक-दोन पायऱ्या थंड घ्या आणि तोंड २२-२४ थाऊ ठेवा. दाबाखाली ठिणगी मोठी फट ओलांडत नाही, ती विझते आणि लोक इंधनाला दोष देतात.

आणखी एक. टर्बो बॅटरीच्या जागी म्हणालात, पण त्याचं ऑइल खाली कसं उतरतंय ते आधी बघा. टर्बोतून ऑइल दाबाने येत नाही, फेसाळून स्वतःच्या वजनाने खाली येतं. ड्रेनचा पाइप किमान अर्धा इंच आतून मोकळा, शक्य तितका उभा, कुठेही पोटात झोळ न पडता, आणि ऑइल पॅनमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. पातळीच्या खाली जोडलात तर ऑइल तुंबून टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये जाईल आणि निळा धूर पुन्हा दिसेल. क्रँककेसचा दाबही मोकळा सोडा, दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरांमधून जाड नळ्या कॅच कॅनमध्ये (ऑइलची वाफ अडवणाऱ्या डब्यात).

टर्बोच्या ड्रेन फ्लँजपासून ऑइल पॅनच्या रेलपर्यंतची (वरच्या कडेपर्यंतची) उभी उंची मोजून इथे टाका. पॅनला छिद्र पाडायच्या आधी.

शेव्हेलवाला (धागाकर्ता)

पुठ्ठ्याचा टर्बो करून जागेवर टांगला आहे. फ्लँजपासून रेलपर्यंत नऊ इंच येतात, मध्ये एक वळण घ्यावं लागेल, साधारण ३० अंशांचं. फ्रेमला घासत नाही.

मायक्रोमीटर

नऊ इंच भरपूर आहेत, ३० अंशही चालतील. वळण वर टर्बोजवळ नको, खाली पॅनकडे घ्या. पॅन काढूनच वेल्ड करा आणि नंतर आतून पाणी भरून गळती बघा.